वाचकांचे प्रश्न : बंद फ्लॅट आणि पारवे

प्रश्न : आम्ही मुंबईला असतो. रत्नागिरीतला फ्लॅट वर्षभर बंद. मे महिन्यात उघडतो तेव्हा बाल्कनीत पारव्यांच्या विष्ठेचा थर असतो. गेल्या वर्षी आईने तो झाडून काढला आणि त्याच संध्याकाळी तिला ताप, कोरडा खोकला आणि धाप लागली. याचा काही संबंध?

उत्तर : संबंध असण्याची बरीच शक्यता आहे. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची पूड श्वासातून गेली की काहींच्या फुप्फुसांना तिची ॲलर्जी होते. चार ते आठ तासांत कणकण, खोकला, धाप. एक-दोन दिवसांत उतार पडतो, म्हणून साधा ताप समजून लोक सोडून देतात. असं वारंवार झालं तर फुप्फुसांत व्रण धरतात आणि ते भरून येत नाहीत. आईंना छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि पारव्यांचं आपणहून सांगा. यंदा सफाई त्यांनी करू नये. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी तर नकोच. जुन्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस ही बुरशी वाढते आणि अशा माणसांत ती मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकते.

कोरड्या थराला झाडू लावायचा नाही, व्हॅक्यूम क्लीनरही नाही. घरात उघडणारं दार बंद करा. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा घाला. साबणाच्या पाण्याने थर हलका फवारून भिजवा. नळीचा जोरदार झोत मारलात तर पूड उडणारच. वीस मिनिटं मुरू द्या, खरवडा, दुहेरी पिशवीत बांधा. मधेच सुकू लागलं तर पुन्हा फवारा. लादी धुऊन झाल्यावरच ब्लीच : एक माप ब्लीच, नऊ मापं पाणी, दहा मिनिटं. मग भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर ॲल्युमिनियमच्या खिडकीची पट्टी खराब होते. संडास धुण्याचं ॲसिड त्यात कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन सुटतो.

नंतर ५० मिलिमीटरची भोकं असलेली नायलॉन जाळी ताणून बसवा. खाऱ्या हवेत लोखंडी हूक गंजतात. ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील मागा. मासेमारीचं जुनं जाळं बांधू नका, ते सैल राहतं आणि पाखरं त्यात अडकून मरतात. घरट्याच्या नुसत्या काड्या असतील तर लगेच काढा. अंडी असतील तर थांबा : ती फुटायला सुमारे १८ दिवस, पिल्लं उडायला आणखी महिनाभर. तुमचा मुक्काम तेवढा नसेल, तर जाळीचं काम शेजाऱ्यांवर सोपवून जा.

प्रश्न : परसात कावळा मरून पडला तर पुरावा का?

उत्तर : एकच असेल तर उघड्या हाताने न शिवता, हातमोजे घालून खोल पुरा, हात साबणाने धुवा. दोन-चार एकदम दिसले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीतल्या मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू आढळला होता. दवाखान्याकडून निरोप येईपर्यंत घरच्या कोंबड्या खुराड्यातच ठेवा.