मुंबईहून आई-वडिलांना घेऊन काशीला जायचंय. 'वाराणसी', 'बनारस' आणि 'काशी' ही एकाच स्टेशनची नावं आहेत का? उतरावं कुठे?

नाही, ही तीन वेगवेगळी स्टेशनं आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांचा निम्मा घोळ इथेच होतो, तेव्हा तिकीट काढताना नावापेक्षा कोड बघा.

मुख्य स्टेशन म्हणजे वाराणसी जंक्शन, कोड बीएसबी. गावात त्याला सगळे 'कॅन्ट' म्हणतात, रिक्षावाल्यालाही तेच सांगा. बनारस, कोड बीएसबीएस, म्हणजे पूर्वीचं मंडुआडीह. 2021 मध्ये नाव बदललं, तरी लोकांच्या तोंडी अजून जुनंच आहे. काशी हे राजघाटच्या पुलाला लागून असलेलं छोटं स्टेशन. चौथं वाराणसी सिटी, ते मुंबईकरांच्या फारसं कामाचं नाही.

आणि पाचवं, ज्यात खरी फसगत होते: पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे 2018 पर्यंतचं मुगलसराय. मुंबईहून पाटण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या वाराणसीत न शिरता तिथून जातात. नकाशावर ते जवळ दिसतं, पण ते गंगेच्या पलीकडे, चंदौली जिल्ह्यात, शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. पुलावर वाहनं तुंबली की तासभर गेलाच. वयस्कर माणसं आणि सामान सोबत असेल, तर कन्फर्म तिकीट मिळतंय एवढ्यासाठी तिथे उतरू नका. दुसरा पर्यायच नसेल तर गोष्ट वेगळी.

तुमच्यासाठी महानगरी किंवा कामायनी सोयीची, दोन्ही कॅन्टला जातात. महानगरी मुंबईहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, त्यामुळे तारीख नीट बघा. 10 तारखेच्या रात्री जेवून निघायचं असेल, तर तिकीट 11 चं लागतं. या एका चुकीपायी लोकांच्या गाड्या हुकतात.

कॅन्टला फलाट 1 च्या बाजूने बाहेर पडा. तोच शहराकडचा दरवाजा, समोरच रोडवेजचा बसस्टँड. मागच्या बाजूने निघालात तर छावणी भागात पोहोचाल. तिकडच्या हॉटेलात उतरणार असाल तरच ते बरं.

रिक्षा ठरवताना 'घाटावर' एवढंच म्हणू नका, घाट सुमारे 80 आहेत. दशाश्वमेधला जायचं तर गोदौलिया सांगा, अंतर साधारण पाच किलोमीटर. पुढे गर्दीच्या वेळी वाहनं सोडत नाहीत, उरलेलं चालावं लागतं. मणिकर्णिका, पंचगंगा, किंवा आपल्या मराठी मंडळींची जुनी वस्ती असलेले ब्रह्माघाट-दुर्गाघाट यांच्यासाठी मैदागिन जवळ पडतं. अस्सीला मात्र रिक्षा जवळपास घाटापर्यंत जाते. आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील, तर मुक्काम अस्सीकडेच घ्या. आतल्या गल्ल्यांत पायऱ्या चुकत नाहीत आणि चाकांची बॅग तिथे ओझंच होते.

'तुमची धर्मशाळा बंद झाली, दुसरी दाखवतो' असं कुणी म्हणालं, तर तिथूनच धर्मशाळेत फोन लावा. बंद वगैरे काही नसतं, माणूस कमिशनवर असतो.

सामान क्लोकरूममध्ये ठेवायचं असेल तर प्रत्येक नगाला कुलूप हवं आणि तिकीट दाखवावं लागतं. चेन तुटलेली बॅग किंवा नुसती गाठ मारलेली पिशवी घेत नाहीत. दोन छोटी कुलपं घरूनच न्या. थोडा वेळ आडवं व्हायचं असेल तर रिटायरिंग रूम पीएनआर टाकून आधीच ऑनलाइन धरता येते.

परतीला संध्याकाळची गाडी असेल तर गोदौलियाहून दोन तास आधी निघा. श्रावणी सोमवार, महाशिवरात्र, देवदिवाळी असेल तर तीन. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. त्या दिवसांत मुंबईत पोहोचल्या दिवशीच पुढची गाडी किंवा विमान ठेवू नका.