वाचकांचे प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर लिनक्स वापरून पाहावे का?

प्रश्न : आमच्या केळीबागेचा हिशेब मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये ठेवते. त्यावर विंडोज ११ चालत नाही, म्हणून भाचा विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणक-प्रणाली टाकायला सांगतो. पण त्यात काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात, असे ऐकले आहे. शिवाय सगळा हिशेब पुसला गेला तर काय करायचे?
– एक वाचक, यावल (जि. जळगाव)

उत्तर : ताई, हिशेब पुसला जाण्याची भीती रास्त आहे, म्हणूनच लॅपटॉपवर काहीही टाकण्याआधी लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. काळ्या पडद्याचा मात्र धसका घेऊ नये. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतलेल्या याच लिनक्सच्या गाभ्यावर अँड्रॉइड फोन चालतात, आणि ते वापरताना कुणी आज्ञा टाइप करत बसत नाही. विंडोज ११ च्या आधीच्या विंडोज १० चा नियमित पाठिंबा (सुरक्षेच्या दुरुस्त्या) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने भाच्याच्या सल्ल्यात तथ्य आहे.

नवख्यांसाठी लिनक्सचा ‘लिनक्स मिंट’ हा प्रकार सोयीचा आहे. त्याची सुमारे ३ जीबीची फाइल मोफत मिळते. ती भाच्याकडून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवून घ्यावी, मात्र त्या पेनड्राइव्हवरचे सर्व काही पुसले जाते, हे त्याला आधीच बजावावे. नंतर पेनड्राइव्ह लावून विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ निवडावे. ‘शट डाउन’ केल्यास विंडोज बऱ्याचदा अर्धवटच बंद होते आणि लिनक्समधून तिच्या फाइली नीट उघडत नाहीत. पडदा उजळताच बूट मेनूची (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा, ते विचारणाऱ्या यादीची) कळ दाबावी. ती अनेक लॅपटॉपवर एफ १२, तर एचपीवर बहुधा एफ ९ असते. यादीतून पेनड्राइव्ह निवडावा. समोर येणाऱ्या मिंटच्या पडद्यावर ‘इन्स्टॉल’ असे चिन्ह दिसेल, त्याला हात लावू नये. तोवर आपल्या डिस्कमध्ये काहीही बदलत नाही. येथे काम थोडे संथ चालते, पण तो दोष पेनड्राइव्हचा असतो.

आता केळीच्या हिशेबाची प्रत (मूळ फाइल नव्हे) मिंटमधल्या लिबरऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या प्रोग्राममध्ये उघडावी. क्विंटल गुणिले भाव, वजा मजुरी, व्यापाऱ्याकडील येणे, अशी साधी सूत्रे जशीच्या तशी चालतात. मॅक्रो (एक्सेलमधली कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) लिहून घेतलेले असतील, तर तेथे अडचण येऊ शकते. मराठी मजकूर युनिकोडमध्ये (फोनवर मराठी टाइप होते त्या पद्धतीत) असल्यास नीट दिसतो, जुन्या कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असल्यास तो फाँट लिनक्समध्येही घालावा लागतो. वाय-फाय, आवाज आणि विशेषतः प्रिंटर तपासल्याशिवाय पुढचा निर्णय घेऊ नये, कारण काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सला फार दाद देत नाहीत. येथे जतन केलेले काम लॅपटॉप बंद होताच नाहीसे होते, हेही ध्यानात असावे.

सगळे जमले आणि लिनक्स कायमचे घ्यावेसे वाटले, तर आधी हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. आपले कर सल्लागार टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येच हिशेब मागत असतील, तर विंडोज काढू नये, कारण टॅली लिनक्सवर थेट चालत नाही; अशा वेळी एकाच लॅपटॉपवर दोन्ही ठेवून सुरू करताना हवे ते निवडता येते.