मुलाच्या खाजगी शाळेची एवढी फी भरल्यावर वर देणगी आणि स्वयंसेवाही करावी लागते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा यंदा डॅलसजवळच्या एका कॅथलिक मुलांच्या हायस्कूलमध्ये नववीत गेला, फी वर्षाला पंचवीस हजार डॉलरच्या घरात, आणि शाळा सुरू होऊन महिना होतोय तोच ‘ॲन्युअल फंड’चं, म्हणजे दरवर्षीच्या देणगीचं, पत्र आलं. मागोमाग एका पालकाचा फोन आणि स्वयंसेवकांच्या कामांची लांबलचक यादी. द्यावंच लागतं का, नाही दिलं तर मुलावर राग निघेल का, आणि पत्नी एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा, त्यावर सहसा नोकरी करता येत नाही) असताना तिने शाळेत काम केलेलं चालतं का. आमचा मुलगाही टेक्सासमधल्या अशाच एका शाळेत शिकतो, त्यामुळे हे सगळं आमच्या घरात होऊन गेलेलं आहे.

सक्ती नाही. नाही दिलं तर मुलाच्या गुणांवर, संघातल्या निवडीवर काडीचाही परिणाम होत नाही. शिक्षकांना कुणी दिलं आणि कुणी नाही हे सहसा माहीतही नसतं. तरीही द्या, थोडं द्या, आणि पैशापेक्षा जास्त वेळ द्या, असं माझं मत आहे.

आधी मनातली अढी काढू. आपल्याकडे शाळेने देणगी मागितली की पोटात गोळा येतो, कारण प्रवेशाच्या खिडकीपाशी ‘बिल्डिंग फंड’ मोजून आलेली आपली पिढी. महाराष्ट्रात १९८७ साली कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा झाला तो काही उगाच नाही. इथे क्रम उलटा आहे. प्रवेश आधी, मागणी नंतर, आणि नाही म्हणालात तरी पोरगा वर्गातच बसतो. चांगल्या शाळा प्रवेश चालू असताना त्या कुटुंबाकडून देणगी घेणं टाळतात.

मग फी कमी का पडते? सरकारी शाळा मोठ्या प्रमाणात घरपट्टीवर चालतात. ती तुम्हीही भरता, पण त्यातला पैसा खाजगी शाळेकडे वळत नाही. लहान वर्ग, प्रयोगशाळा, समुपदेशक, बसगाड्या, मैदानं हे सगळं धरून एका मुलामागचा खर्च बहुतेक शाळांत फीपेक्षा जास्त असतो. शिवाय जे पूर्ण फी भरू शकत नाहीत त्यांना सवलत द्यायची असते. हा खड्डा ॲन्युअल फंड भरतो. त्याचा पैसा त्याच वर्षी खर्च होतो. नवी व्यायामशाळा, नाट्यगृह यांच्यासाठी वेगळी मोठी मोहीम निघते. आणि एंडोमेंट म्हणजे कायमचा निधी: मुद्दल राखून दरवर्षी साधारण चार-पाच टक्के काढायचे. तुम्हाला आलेलं पत्र यातल्या पहिल्याचं आहे. इमारतीसाठी मोठ्या रकमा देणारे वेगळे लोक असतात, शाळा ते आपलं आपण शोधते. तुम्ही त्या भानगडीत पडू नका.

देणगीवर शाळा किती दूर जाऊ शकते याचं टोकाचं उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. मॅनहॅटनमधलं रीजिस हायस्कूल, जेझुइटांचं (हा कॅथलिक संन्याशांचा एक संघ), फक्त मुलांचं, १९१४ सालापासून. तिथे फीच नाही. सुरुवातीचा पैसा एका विधवा बाईने दिला आणि नाव कळू नये अशी अट घातली. त्या न्यूयॉर्कचे माजी महापौर ह्यू ग्रँट यांच्या पत्नी ज्युलिया ग्रँट, हे जगाला फार उशिरा कळलं. आज ती शाळा चालते ती मोठ्या प्रमाणात माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांवर. फुकट शिकलेली मुलं पुढच्यांसाठी भरतात.

आता किती द्यायचं. शाळेला तुमच्या रकमेइतकीच, काही वेळा जास्तच, काळजी असते टक्केवारीची. एखाद्या मोठ्या प्रतिष्ठानाकडे पैसे मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, तुमच्या पालकांपैकी किती टक्के देतात? विश्वस्त शंभर टक्के, पालक नव्वद टक्के असं सांगता आलं की काम सोपं होतं. त्या हिशेबात तुमचे पन्नास डॉलर आणि तेलकंपनीच्या साहेबाचे पन्नास हजार, दोन्हींचं मोल एकच: एक घर. हे कळलं की त्या फोनचं दडपण जातं. फोन करणारा पालकही स्वयंसेवकच असतो आणि त्यालाही हे मागणं जड जात असतं. त्याला सरळ सांगा, ‘यंदा एवढे देतो, ऑनलाइन भरतो.’ आणि लवकर भरा. बऱ्याच शाळांचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, त्यामुळे न दिलेल्यांच्या यादीत राहिलात तर मे-जूनपर्यंत आठवणी येत राहतात.

आपल्या लोकांना मूठमूठ जमवण्याचं नवल नसावं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि घराघरांतून मूठमूठ धान्य जमवून वसतिगृहातली पोरं जगवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडलं. ती गरिबी आणि हे टेक्सासचं सुबत्तेतलं हायस्कूल यांची बरोबरी मी करत नाही. पण मोठा दाता येईल म्हणून वाट बघत बसायचं नाही, प्रत्येक घरातून काहीतरी यायला हवं, ही समज तीच.

देताना डोकं वापरा. तुम्ही आयटीत असाल (डॅलसमध्ये आहात म्हणजे बहुतेक असालच) तर आधी कंपनीच्या पोर्टलवर ‘मॅचिंग गिफ्ट’ बघा. मायक्रोसॉफ्ट कर्मचाऱ्याच्या देणगीत तेवढीच भर घालते, वर्षाला पंधरा हजार डॉलरपर्यंत, आणि स्वयंसेवेच्या दर तासाला पंचवीस डॉलर संस्थेला देते. सगळ्या कंपन्या इतक्या दिलदार नाहीत. काही ठिकाणी चर्चला जोड मिळत नाही, पण चर्चशी संबंधित शाळेला मिळते. नियम वाचल्याशिवाय गृहीत धरू नका. आरएसयूचे, म्हणजे कंपनीने पगाराबरोबर दिलेले, शेअर वर्षापेक्षा जास्त काळ ठेवलेले आणि वाढलेले असतील तर विकून पैसे देण्यापेक्षा शेअरच द्या. वाढीवरचा कर तुम्हालाही पडत नाही आणि शाळेलाही नाही.

करसवलतीचं मात्र फार मनावर घेऊ नका. फी म्हणजे देणगी नव्हे, तिच्यावर सूट नाही. देणगीवर आहे, पण जोडप्याची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्च न दाखवता मिळणारी सरसकट वजावट, २०२५ साठी ३१,५०० डॉलर होती. तिच्या वर जाणारा तपशीलवार खर्च नसेल तर हातात काही येत नव्हतं. २०२६ पासून स्टँडर्ड घेणाऱ्या जोडप्यालाही रोख देणगीची दोन हजार डॉलरपर्यंत वेगळी वजावट मिळते, तेवढा फायदा घ्या. एकरकमी २५० डॉलर किंवा जास्त दिले तर शाळेची लेखी पोच हवी, नुसतं बँकेचं स्टेटमेंट चालत नाही. आणि वसंतातल्या त्या मोठ्या लिलाव-भोजनाला गेलात तर तिकिटाच्या किमतीतून जेवणाची किंमत वजा करून उरतं तेवढीच देणगी. ७५ डॉलरपेक्षा जास्त घेऊन बदल्यात काही दिलं, तर त्याची किंमत शाळेनेच लिहून द्यायची असते.

त्या लिलावाला एकदा जाऊन बघा, करमणूक म्हणून. पदवीदानाच्या पहिल्या रांगेतल्या खुर्च्या, वर्षभर राखीव पार्किंगची जागा, असल्या गोष्टींवर माणसं बोली लावतात. शेवटी काहीच विकायला नसतं, नुसत्या पाट्या वर करून शिष्यवृत्तीसाठी रकमा जाहीर करतात. दोन पेयं पोटात गेल्यावर हात फार सहज वर जातो. आपला आकडा घरून ठरवून जा.

आता वेळेचं. इथे मी जास्त बोलणार.

मुलांच्या शाळेत, तेही हायस्कूलमध्ये, पालकाला आत काय चाललंय ते कळत नाही. ‘आज काय झालं?’ तर ‘काही नाही.’ चौदा वर्षांचा मुलगा याहून जास्त बोलत नाही. त्याचं जग बघायचं असेल तर शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या सामन्याला खाण्याच्या स्टॉलवर उभं राहा. नाचोजवर पंपाने गरम चीज ओतायचं, डबीतले सुटे मोजायचे, मध्यंतर झालं की समोर दोनशे भुकेली पोरं. कुणाचा मुलगा ‘थँक यू सर’ म्हणतो, कुणाचा पैसे टाकून निघून जातो, आपला मुलगा कुणाबरोबर हिंडतो, आणि तो आपल्याला ओळख दाखवतो की नाही, सगळं कळतं. शेजारी चीज ओतणारा माणूस हृदयशल्यचिकित्सक असतो नाहीतर प्लंबर. तिसऱ्या क्वार्टरला गर्दी ओसरली की त्याच्याशी ज्या गप्पा होतात, त्या पालकसभेत कधीच होत नाहीत. मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या पंगती वाढलेल्या माणसाला हे काम शिकवावं लागत नाही.

याहून मला आवडणारं काम म्हणजे वापरलेल्या गणवेशांची विक्री. या वयातली मुलं ऑगस्टात घेतलेली पँट नाताळापर्यंत घोट्याच्या वर नेतात. जुने ब्लेझर, खाकी पँटी, टाय शाळेत जमा होतात, आणि आया-बाबा बसून ते निवडतात: बटण तुटलेलं वेगळं, शाईचा डाग वेगळा. कॉलरच्या आत शिवलेली आधीच्या मुलाच्या नावाची पट्टी उसवायची. ते बारीक काम, घाई केली की कापड फाटतं. मग मापाप्रमाणे रॅकवर लावायचे. कोऱ्या ब्लेझरच्या अगदी थोड्या किमतीत तो मिळतो. घेणारा सवलतीवर शिकणारा की नुसता काटकसरी, कुणी विचारत नाही. आणि हे न विचारणंच त्या खोलीतला सगळ्यात कडक नियम आहे. कुणाला फीमाफी आहे याची कुजबुज करू नका, दुसऱ्याने केली तर त्यात सामील होऊ नका. आपल्या लोकांना ही खोड आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

दुसरं मुद्दाम सांगायचं ते समोशांचं. इंटरनॅशनल नाइट आली की तुमच्याकडे समोसे आणि बॉलिवूड नाच मागितला जाईल. एकदा हौसेने करा. दरवर्षी तेवढंच केलंत तर कायमचे ‘समोसावाले’ होऊन बसाल. पुढच्या वेळी रोबोटिक्स संघाचा हिशेब, वादविवाद स्पर्धेचं परीक्षण असलं काहीतरी मागून घ्या. परीक्षक त्यांना कायम कमी पडतात, शनिवार सकाळ जाते, पण शेजारच्या शाळांची मुलं काय दर्जाची बोलतात ते ऐकून चाट पडाल.

काम घेण्याआधी एक कागदी सोपस्कार असतो, त्याचा राग मानू नका. मुलांच्या जवळपास काम करणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासतात आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. कॅथलिक चर्चमधली लैंगिक शोषणाची प्रकरणं बाहेर आल्यावर अमेरिकी बिशपांनी २००२ च्या जूनमध्ये नवी नियमावली केली. ती बैठक डॅलसलाच झाली, म्हणून तिला ‘डॅलस चार्टर’ म्हणतात. त्यानंतर हे सगळं कडक झालं. मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत बसायचं नाही, त्याला खाजगी मेसेज करायचे नाहीत, असे साधे नियम. हे लगेचच उरकून टाका, नाहीतर सहलीच्या आदल्या दिवशी ‘तुमचं नाव यादीत नाही’ असं ऐकावं लागेल.

मुलालाही सेवेचे तास असतील. १९७३ साली जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरूपे यांनी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात माजी विद्यार्थ्यांपुढे भाषण करून सांगितलं की आमच्या शाळांनी ‘दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं’ घडवायला हवीत. तेव्हापासून ते त्यांच्या शाळांचं ब्रीद झालं, इतर मुलांच्या शाळांनीही उचललं. फूड बँकेत डबे लावणं, वृद्धाश्रमात जाणं वगैरे. तास भरायला तुम्ही त्याच्या फॉर्मवर सही मिळवून देऊ नका. त्याला जाऊ द्या, कंटाळू द्या.

सगळं गोड नाही. वार्षिक अहवालात देणगीदारांची नावं रकमेच्या पायऱ्यांप्रमाणे छापतात, ते मला आजही खटकतं. आमच्या शाळेत आम्ही नाव छापू नका असं कळवलं, आणि त्यांनी ऐकलं. स्वयंसेवेची बरीच कामं मंगळवारी सकाळी दहाला असतात, म्हणजे घरी एक पालक मोकळा आहे असं धरूनच चालतात. दोघंही नोकरीवर असतील, किंवा घरात एकच पालक असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. घरून होणारं काम मागा, संध्याकाळचं मागा. तुमच्यासारखे आणखी चार जण मागतील तेव्हाच ती वेळ बदलेल.

राहिला एच-४ चा प्रश्न. नोंदणीकृत ना-नफा संस्थेत, जे काम एरवीही स्वयंसेवकच करतात ते विनामोबदला केलं तर अडचण येत नाही: स्टॉल, गणवेश विक्री, ग्रंथालयात पुस्तकं लावणं. जे काम शाळा पगार देऊन करून घेते, उदाहरणार्थ बदली शिक्षिका, कार्यालयातली लेखनिक, ते फुकटातही करू नये, कारण ती नोकरी धरली जाऊ शकते. मानधन, गिफ्ट कार्ड, फीत सूट असलं काही बदल्यात घेऊ नये. शाळेला जाण्यायेण्याचं पेट्रोल मात्र तुमचंच. स्वयंसेवेसाठी चालवलेल्या गाडीला करात मैलाला १४ सेंट धरता येतात, तेही तपशीलवार वजावट घेत असाल तरच. पत्नींना म्हणावं, गणवेशांच्या खोलीपासून सुरुवात करा, आणि उसवायला बारीक टोकाची कात्री घरूनच न्या. तिथली कायम बोथट असते.