प्रोजेक्ट म्हणून जुनी क्लासिक गाडी घ्यायची आहे. कुठे शोधावी, आणि चालू घ्यावी की बंद?

कुठे शोधावी ते शेवटी सांगतो. प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही, कारण 'चालू की बंद' यावरून माझं आणि आमच्या भाऊजींचं (थोरल्या बहिणीचे यजमान) जे वाजलं ते अजून पूर्ण मिटलेलं नाही.

माझं मत सरळ आहे. इंजिन चालू आहे का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी पत्रा बघा. इंजिन सुटं निघतं, टेबलावर घेता येतं, बोअर करता येतं, अगदीच गेलेलं असेल तर दुसरं आणून बसवता येतं. कुजलेल्या बॉडीचं तसं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बहुतेक लहान गाड्यांना वेगळी चेसिस नसते, पत्र्याची बॉडी हीच चेसिस. दाराखालची आडवी पेटी म्हणजे सिल, फ्लोअर, मागच्या स्प्रिंगा जिथे अडकतात त्या जागा, एवढ्यावर सगळी गाडी उभी असते. सिल कापायची वेळ आली तर आधी दाराच्या चौकटीत आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्याव्या लागतात. नाहीतर कापल्याबरोबर गाडी मधोमध बसते, आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत.

माझी गाडी म्हणजे १९५८ सालची मॉरिस मायनर. अ‍ॅलेक इसिगोनिसने डिझाइन केलेली, १९४८ मध्ये लंडनला अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात आलेली. (प्रोटोटाइप फार अरुंद दिसतो म्हणून त्याने तो उभा कापून चार इंचांनी रुंद करायला लावला. बॉनेटच्या मधोमध जी सपाट पट्टी दिसते ती त्याचीच खूण. पुढे मिनी ही छोटी गाडीही याच माणसाने काढली.) मूळ मालक वारले होते. गाडी शेडमध्ये, टपावर पोती आणि मोडकी खिडकी ठेवलेली. त्यांचा मुलगा म्हणाला, "उभी केली तेव्हा चालू होती." जगातली प्रत्येक गाडी उभी केली तेव्हा चालूच असते, या वाक्याकडे लक्ष देऊ नका.

भाऊजी माझ्यासोबत आले होते. त्यांनी थेट बॉनेट उघडलं, इंजिन हाताने फिरवायचं हँडल घालून जोर लावला. इंजिन जाम. लगेच निकाल दिला: "सोड रे, भंगार आहे. याच्यापेक्षा चालू घे, घरी तरी चालवत नेशील."

मी तोवर गाडीखाली आडवा झालो होतो. मायनरमध्ये बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. पुढचे दोन चेसिस लेग (बॉडीलाच जोडलेल्या, इंजिनाखालच्या लांब पेट्या), मधला क्रॉसमेंबर म्हणजे आडवी तुळई, दोन्ही सिल, मागच्या स्प्रिंगांचे हँगर. जाड स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा आणि टोचत जायचं. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला नुसताच दबतो किंवा स्क्रू ड्रायव्हर आत जातो. या गाडीच्या इंजिनाने वर्षानुवर्षं तेल गाळलेलं होतं आणि ते खालच्या सगळ्या पत्र्यावर पसरून, वर धूळ बसून, त्याचा काळा थर झाला होता. दिसायला घाण, पण त्या थराखाली पत्रा कोरा. गंज होता तो ड्रायव्हरच्या पायाखालच्या फ्लोअरला आणि डिकीच्या तळाला, बस. मग एका बाजूने जॅक लावून गाडी उचलली आणि तसंच त्या बाजूचं दार उघडून लावून पाहिलं. दोन बोटांनी लागलं. गाडी जॅकवर असताना दार अडकायला लागलं तर समजायचं की मधल्या भागात दम उरलेला नाही. ही परीक्षा फुकट आहे आणि विकणाऱ्याला कळतही नाही तुम्ही काय बघताय ते.

गाडी घेतली. भाऊजी नाराज, पण ती घरी आल्यावर सल्ले सुरू. त्यांचा आग्रह असा की दोर बांधायचा, तिसऱ्या गिअरला टाकायची आणि दुसऱ्या गाडीने ओढायची, "सुटेल झटक्यात." मी म्हटलं, "भाऊजी, हे माझ्या गाडीला नका करू." इथून आवाज चढले.

आता ऐका, कारण तुम्हालाही कुणीतरी हाच सल्ला देणार आहे. इंजिन बंद पडून राहिलं की एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व उघडा राहिलेला असतो. तिथून दमट हवा आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा भिंतीला गंजून चिकटतात. अशा वेळी गाडी ओढली तर एक तर मागची चाकं नुसती घासत जातात, नाहीतर रिंगा तुटतात, पिस्टनच्या खाचा फुटतात, कनेक्टिंग रॉडही वाकू शकतो. दुरुस्त होणारं इंजिन दहा मिनिटांत खरोखरच भंगार होतं. मी प्लग काढले, प्रत्येक भोकात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल आणि अ‍ॅसिटोन यांचं मिश्रण ओतलं आणि सोडून दिलं. (अ‍ॅसिटोन पेट घेतं, मोकळ्या हवेत आणि विडी-सिगारेटपासून लांब.) अधूनमधून तेल परत भरायचं, हँडलने पुढे-मागे किंचित झुलवायचं, जोर अजिबात लावायचा नाही. भाऊजी येऊन विचारायचे, "काय, मुरलं का लोणचं?" काही आठवड्यांनी हँडल अंगठ्याएवढं सरकलं. त्या दिवशी मी कुणाला फोन केला असेल ते सांगायला नको.

तरीही सुरू करण्याची घाई केली नाही. हेड उघडलं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये गंजाचं स्पष्ट वलय होतं. होनिंग केलं (सिलिंडरची भिंत आतून हलकी घासून घेतली), नव्या रिंगा टाकल्या, व्हॉल्व घासून घेतले. हे ९४८ सीसीचं ए-सिरीज इंजिन. त्या घराण्याची इंजिनं १९५१ पासून २००० पर्यंत बनत राहिली, मिनीतही तीच, त्यामुळे रिंगा, गॅस्केट, बेअरिंग सगळं नवं मिळतं. संपूर्ण प्रोजेक्टमध्ये सगळ्यात कमी डोकेदुखी झाली ती त्या 'भंगार' इंजिनाची. खरा घाम काढला ब्रेकने. या गाडीचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा) ड्रायव्हरच्या पायाखाली चेसिस लेगच्या पोटात बसवलाय आणि त्याचे बोल्ट काढताना टॉर्शन बार (पुढच्या चाकांना स्प्रिंगचं काम करणारी लांब सळई) आडवा येतो. शिवाय पुढच्या चाकांचे खालचे ट्रनियन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते आट्यांचे सांधे: त्यात वेळच्या वेळी ग्रीस गेलं नाही तर आटे झिजतात आणि एक दिवस चाक गाडीखालून निसटून आडवं पडतं. कुठल्याही मायनरमध्ये ते आधी बघा.

त्याच सुमारास भाऊजींनी, केवळ मला दाखवायला असं माझं स्पष्ट मत आहे, स्वतःसाठी मायनर घेतली. चालू, आरशासारखा रंग, नवं सीट कव्हर. मी गेलो तेव्हा फ्रिजला लावतात तसलं पातळ चुंबक खिशात होतं. दारावर चिकटलं, बॉनेटवर चिकटलं. सिलवर लावलं तर खाली पडलं. दुसऱ्या बाजूलाही तेच. आत फायबरची जाळी आणि वर पुट्टी, त्यावर तो सुंदर रंग. ताई हसली, भाऊजी म्हणाले, "पण चालते ना?" पुढे पंक्चर काढताना जॅक सिलच्या आत घुसला, तेव्हा कापाकापी काढावी लागली. अख्खा नवा रंग खरवडून. म्हणजे ज्याचे पैसे मोजले तेच आधी फेकलं. ताजा रंग मारलेली प्रोजेक्ट कार घेऊ नका. फिक्या, पोपडे धरलेल्या मूळ रंगाखाली निदान काय आहे ते दिसतं.

भाऊजींचं म्हणणं अजून तेच, की माझी गाडी टेकूवर होती तेव्हा ते आणि ताई फिरत होते. हे खरं आहे. तुमच्याकडे छप्पर असलेली जागा नसेल (सुटी केलेली गाडी जोडलेल्या गाडीच्या दुप्पट-तिप्पट जागा खाते) किंवा वेल्डिंग दुसऱ्याकडून करून घ्यायचं असेल, तर चालू आणि पूर्ण गाडी घेणं तुमच्यासाठी शहाणपणाचं ठरेल. फक्त चुंबक घेऊन जा. आणि चुंबकाचीही मर्यादा आहे: जुन्या लँड रोव्हरची बॉडी बरीचशी अ‍ॅल्युमिनियमची असते, तिथे चुंबक चिकटणारच नाही. तिला खाली वेगळी लोखंडी चेसिस असते, ती टोचून बघा.

सुटे भाग मिळतात का, हे गाडी बघायला जाण्याआधी शोधा. यांत्रिक भागांपेक्षा क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या कडा, खिडकीचे रबर, मागची काच हेच जास्त रडवतात. जस्ताच्या ओतीव भागांवर एकदा खड्डे पडले की नवं क्रोम धड बसत नाही. म्हणून काही निघालेलं असलं तरी चालेल, पण हरवलेलं नको. खोक्यात भरून ठेवलेली गाडी तर मुळीच नको, खोक्यात काय नाही ते जोडायला घेतल्यावर कळतं.

आता शोधायची कुठे. जाहिरातीत येतात त्या बहुतेक रंगवलेल्या. चांगल्या गाड्या जाहिरातीपर्यंत पोचत नाहीत. ज्या मॉडेलवर मन आहे त्याच्या मालकांच्या क्लबात आधी जा, गाडी नसताना जा, 'मलाही हात लावू द्या' असं लोकांना म्हणा, त्यांच्या कामाला मदत करा. कुणाच्या शेडमध्ये काय उभं आहे ते त्यांना माहीत असतं. म्हातारे मेकॅनिक, जुने टायरवाले, रेडिएटर दुरुस्त करणारे यांनाही सांगून ठेवा. माझी गाडी रेडिएटरवाल्यानेच सांगितली. पैसे देण्याआधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी कागदाशी जुळवा, विकणारा ओळखीचा असला तरी. भाऊजींना त्यांची गाडी ओळखीतूनच मिळाली होती.