गाडी शोरूमच्या वर्कशॉपमध्ये तीनदा नेऊनही एसी बिघडलेलाच. वर्कशॉप बदलू की वरपर्यंत तक्रार करू?

दोन्हीच्या आधी तुमची तिन्ही जॉब कार्डं, म्हणजे गाडी देताना तक्रार लिहून तुमची सही घेतात ते कागद, काढून बघा. त्यांवर नुसतं ‘एसी चेक’ लिहिलं असेल, तर कागदोपत्री तुम्ही तक्रार केलेलीच नाही.

माझ्या गाडीला साठच्या पुढे घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरने गाडीत न बसताच सांगून टाकलं, ‘टायरचा आवाज आहे.’ टायर पुढचे मागे करून पाहिले, आवाज जागचा हलला नाही. उजव्या वळणावर वाढायचा, डाव्या वळणावर दबायचा. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, म्हणजे संशय डाव्या व्हील बेअरिंगवर, चाक ज्यावर फिरतं त्या भागावर. हे सगळं सांगितलं, तर त्याने जॉब कार्डवर लिहिलं, ‘जनरल चेकअप’.

मी सही केली नाही. किती वेगाला, कोणत्या बाजूने, कोणत्या वळणावर हे सगळं त्याच्याकडून लिहून घेतलं, शेजारी किलोमीटर आणि तारीख, आणि प्रत खिशात घातली. सोबत आलेले दाजी वैतागले. ‘कशाला वाद घालतोस? कंपनीची माणसं आहेत, त्यांना कळतं.’ गाडी परत मिळाली ती ‘दोष आढळला नाही’ या शेऱ्यासह. पुढे वॉरंटी संपली, आवाज दुप्पट झाला, आणि त्याच काउंटरवर ऐकलं, ‘आता पैसे भरावे लागतील.’ मी ती प्रत वर्क्स मॅनेजरसमोर ठेवली आणि मेकॅनिकला शेजारी बसवून चक्कर मारायला लावली. पहिल्याच वळणावर त्याने मान हलवली. गाडी लिफ्टवर घेऊन त्याने एक हात स्प्रिंगवर ठेवला, दुसऱ्याने चाक फिरवलं आणि मलाही हात लावायला सांगितलं. खरखर बोटांना कळत होती. बेअरिंग वॉरंटीत बदललं गेलं.

तेव्हा अ‍ॅडव्हायजरशी हुज्जत घालू नका. तो गाडी दुरुस्त करत नाही. मेकॅनिकला गाडीत बसवा. आणि निदान सांगू नका, लक्षण सांगा. ‘गॅस भरा’ म्हणालात तर ते गॅस भरून मोकळे होतात.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. थोड्याच दिवसांत कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती शोधल्याशिवाय चौथ्यांदा गॅस भरू देऊ नका. लीक टेस्ट मागा आणि किती गॅस काढला, किती भरला, ते बिलावर लिहून घ्या. गाडी ताब्यात घेण्याआधी एसीच्या जाळीपाशी थर्मामीटर धरून तापमानही नोंदवा. एवढं करूनही दाद मिळाली नाही तर हे कागद जोडून थेट कंपनीला ईमेल करा. फोनवरची तक्रार हवेत जाते.

हो, सगळेच अ‍ॅडव्हायजर असे नसतात, आणि कधी कधी आवाज खरोखर टायरचाच असतो. ब्रेक पॅड, क्लच प्लेट यांसारखे झिजणारे भाग सहसा वॉरंटीत येत नाहीत, तिथे हा कागद फार उपयोगी पडणार नाही.

दाजी अजूनही म्हणतात, गोड बोलून काम झालं असतं. मी आवाज चढवला नव्हता, दाजी. फक्त लिहून द्या म्हणालो होतो, आणि बेअरिंगचे पैसे वाचले ते त्या लिहिण्यामुळेच.