पहिल्या आठवड्यावरून ऑफिस जोखू नकोस

'सगळे मान खाली घालून बसलेले, कोणी बोलतच नाही' असं लिहिलंयस. अगं, तू रुजू झालीस ऐन मार्चअखेरीस! 31 तारखेला आर्थिक वर्ष संपतं, तेव्हा अकाउंट्सवाल्यांना जेवायची सवड नसते, तुझ्याशी गप्पा कोण मारणार? नवरात्रात आली असतीस तर गरब्याच्या पासांखेरीज दुसरा विषय ऐकू आला नसता, आणि तुला वाटलं असतं इथे काम होतच नाही. (बडोदंच ते!) एप्रिल उजाडू दे, मग ठरव.

तोवर एवढंच:

- डबा जागेवर एकटीने खाऊ नकोस. नवी मुलं हमखास हेच करतात. पंगतीत बस, ठेचा झाकणावर काढून पुढे सरकव. शेजारून 'आ शुं छे?' आलं की ओळख झालीच. मोडकंतोडकं का होईना, गुजरातीतच उत्तर दे.
- साहेबांनाही सगळे 'भाई' म्हणतात, म्हणून ते बरोबरीचे झाले असं समजू नकोस. कामाचं लेखी विचार.
- पहिल्याच दिवशी चहा पाजून सगळ्यांची कुंडली मांडणारा भेटेल. ऐकून घे, आपलं मत देऊ नकोस.

एसी, कॉफी मशीन, हसरं रिसेप्शन यांना मी फारशी किंमत देत नाही. चूक झाली की चारचौघांत ओरडतात की बाजूला घेऊन सांगतात, ते बघ. पगार वेळेवर होतो का, तेही.

अप्रेझल, बदली वगैरेंचं तू नोकरीत कन्फर्म झाल्यावर बोलू.