दोन्ही पायांना ‘पक्षाघात’ होत नाही

प्रश्न असा आहे : ‘जिन्यावरून पडल्याने दोन्ही पायांना पक्षाघात’ असे बातमीत वाचले. हे बरोबर आहे का? आणि लकवा, अर्धांगवायू हे त्याचेच पर्यायी शब्द का?

बरोबर नाही. हे मी सतत वाचतो आणि दर वेळी चरफडतो. पक्ष म्हणजे एक बाजू, उजवी नाहीतर डावी. दोन्ही पाय गेले तर माणूस ‘कमरेखाली लुळा पडला’ म्हणावे. इतके सरळ मराठी हाताशी असताना संस्कृत कशाला?

अर्धांगवायूचा अर्थ शब्दातच आहे. घरी आपण ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो, तोच हा वायू. लकवा अरबी. तिकडे त्याचा अर्थ फक्त तोंड वाकडे होणे, म्हणजे आपल्या वैद्यांचे अर्दित. अर्धे अंग जाण्याला अरबीत फालिज म्हणतात, चिरून दोन तुकडे करणे या अर्थाच्या धातूवरून. आपण फालिज तिथेच ठेवला, लकवा आणला आणि तोंडापासून पायापर्यंत पसरवला. (त्याच लकव्याचा चपळ गरुडमादी असाही अर्थ अरबी कोशांत आहे. संबंध जोडायचा मोह आवरतो.)

मोह होतो कारण माझ्या मते पक्षाघातातला पक्ष मुळात पंखच आहे. पाखरू, पंख, कौलारू घराचे पाखे, सगळे त्याच कुळातले. एका पंडितांनी मला सुनावले, ‘बाजू हा अर्थ पुरतो, पक्षी मध्ये आणू नका.’ त्यांनी पंख मोडलेला कावळा पाहिला नसावा. माझ्या गॅलरीत एक आला होता : डावा पंख फरशीला घासत, उजवा धडधाकट, आणि चाल सगळी एकीकडे कललेली. झटका येऊन गेलेला माणूस असाच चालतो. उरला आघात. ग्रीकांचे ‘प्लेगे’ म्हणजेही फटका. डॉक्टर अर्धे अंग जाण्याला हेमिप्लेजिया म्हणतात, म्हणजे अर्धा फटका. पॅराप्लेजिया (आज दोन्ही पाय जाणे) मात्र जुने ग्रीक वैद्य एका बाजूसाठीही वापरत, तेव्हा तो दाखला माझ्यावर उलटवू नका.

हा किस काढायचे कारण असे की बाजू सांगितली की दुखण्याची जागा कळते. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या कॅपाडोशियाच्या अरेटियस या ग्रीक वैद्याने हे लिहून ठेवले : उजव्या बाजूला मेंदू दुखावला तर डावे अंग जाते, पण इजा डोक्याच्या खाली, पाठीच्या मज्जेत असेल तर त्याच बाजूचे. का? मज्जातंतू उगमापाशीच एकमेकांना ओलांडतात, ग्रीक ‘खी’ अक्षरासारखे, म्हणजे फुलीसारखे. त्याच्याही फार आधी, इ. स. पू. १६०० च्या सुमाराच्या एका इजिप्शियन पपायरसात, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या गुंडाळीत (एडविन स्मिथ या अमेरिकी संग्राहकाने तो १८६२ साली लक्झरला विकत घेतला) ४८ रुग्ण नोंदले आहेत. एकतिसाव्याच्या मानेचा मणका सरकलेला. त्याला दोन्ही हात आणि दोन्ही पाय असल्याची जाणीवच नाही, लघवी ठिबकते. आणि खाली शेरा, यावर उपचार करायचा नाही.

त्या लेखनिकाने दोन्ही हात, दोन्ही पाय असे वेगवेगळे मोजले. बातमीदारालाही दोन्ही पाय दिसले होते, मग पुढे पक्ष कुठून आला?

लकवा तोंड वाकडे झाले तरच म्हणा. कोणी ऐकणार नाही, ठाऊक आहे.